‘ब्लर’ला मराठीत काय म्हणायचं? आधी काय झालंय ते सांगा

शब्दांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मी नाशिकमधल्या एका नेत्ररुग्णालयासाठी रुग्णांच्या माहितीपत्रकाचं इंग्रजीतून मराठी करते आहे. ‘ब्लर्ड व्हिजन’ हे शब्द त्यात अकरा ठिकाणी आले आहेत. फोनवरचं भाषांतर ‘धूसर दृष्टी’ देतं, डॉक्टर ‘अंधुक दृष्टी’ लिहा म्हणतात आणि माझी आई म्हणते, ‘पुसट दिसतं असं लिही, लोकांना कळेल.’ तिघांत बरोबर कोण?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तिघंही बरोबर असू शकतात. पण अकराच्या अकरा ठिकाणी तुम्ही एकच शब्द घातलात, तर तिघांपैकी कुणाचाही शब्द घ्या, पत्रक चुकेल.

माझ्या वडिलांचा रविवार कारंज्याजवळ छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं एवढंच काम. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि लाकडी खणांमधून शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे. शाळेतून आले की मी प्रुफं वाचायला बसायची. छपाई बिघडली की वडील कागद दारातल्या उजेडात धरायचे आणि काय झालंय ते दोन शब्दांत सांगायचे. ‘शाई फुटली’ म्हणजे कागद हलका निघाला, शाई अक्षराच्या बाहेर केसाकेसाने पसरली. ‘हललंय’ म्हणजे दाब पडताना कागद सरकला, प्रत्येक अक्षराला सावलीसारखी दुसरी कड आली. ‘फासलंय’ म्हणजे शाई ओली असताना कुणाचा तरी हात फिरला. हे तिन्ही कागद इंग्रजीत एका शब्दात बसतात : ब्लर. पण वडिलांनी तिन्हींना एकच शब्द वापरला असता, तर मशीनवरच्या माणसाने कागद बदलायचा, पकड आवळायची की वाळत घातलेल्या कागदांपासून माणसं लांब ठेवायची, हे त्याला कसं कळणार?

चौथाही एक कागद असायचा. त्याला ते ‘पुसट’ म्हणायचे. त्यात शाई कमी पडलेली असायची. आणि इथेच तुमच्या आईच्या शब्दाचा प्रश्न येतो. पुसट अक्षर जागच्या जागी असतं, त्याच्या कडाही शाबूत असतात, फक्त जोर गेलेला असतो. ब्लर झालेलं अक्षर काळंभोर असू शकतं, पण त्याची कड हरवलेली असते. पेन्सिलीने हलक्या हाताने काढलेली बारीक रेघ पुसट असते, ब्लर नसते. ओल्या शाईवर बोट फिरवून झालेला पट्टा ब्लर असतो, पुसट नसतो. ही दोन टोकं मनात पक्की असली की निम्मी अडचण संपते.

इंग्रजी शब्दाचा जन्मही छापखान्याच्या शेजारचाच आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तो इंग्रजीत लिहिलेला सापडतो आणि तेव्हा त्याचा अर्थ होता शाईचा फासलेला डाग. त्या डागावरून बदनामीचा डाग, बट्टा, असाही अर्थ चालायचा. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मुलगा आईला तिच्या दुसऱ्या लग्नाबद्दल बोल लावतो तेव्हा हेच क्रियापद येतं, शालीनतेवर डाग पाडणं या अर्थाने. हा अर्थ आता मागे पडला. शब्दाचं नातं बहुधा त्याहून जुन्या ‘ब्लिअर’ या शब्दाशी आहे. पाणावलेल्या, चिपडलेल्या डोळ्यांसाठी तो वापरत. म्हणजे या शब्दाचा एक पाय शाईत आणि दुसरा डोळ्यात आहे. इंग्रजीने पुढे हे सगळं एका गाठोड्यात बांधलं. मराठीने बांधलं नाही. आपले शब्द पाहा : अंधुक हा ‘अंध’च्या कुळातला, त्यात उजेड किंवा नजर कमी पडलेली आहे. पुसट ‘पुसणे’वरून. धूसर म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचं, करडं. धुकट धुक्यावरून, धुरकट धुरावरून, गढूळ म्हणजे तळचं ढवळून वर आलेलं. मराठी शब्द कसं दिसतंय ते सांगतो आणि जाता जाता तसं का दिसतंय तेही सांगून जातो. म्हणून मराठीत शब्द निवडण्याआधी प्रश्न विचारावा लागतो : काय झालं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. तपासणीच्या आधी बाहेरच्या बाकावर बसवून एक मुलगी प्रत्येकाची तक्रार कॉम्प्युटरवर लिहून घेत होती. माझ्या शेजारी दिंडोरीकडच्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मळभ आल्यावानी दिसतं बाई. ऊन पडलंय म्हणतात सगळे, मला पडलेलं दिसत न्हाई.’’ मुलीने लिहिलं : ब्लर. त्यांच्या पलीकडे एक ट्रकचालक होते. ‘‘रात्री समोरून एक गाडी येते, मला दोन दिसतात.’’ मुलीने लिहिलं : ब्लर. मग एक शिंपीकाका. ‘‘रस्त्यापलीकडची पाटी लख्ख वाचतो, पण सुईत दोरा जात नाही.’’ पुन्हा ब्लर. मी स्क्रीनकडे बघत होते. तिघांनी तीन वेगवेगळे आजार तोंडाने सांगितले होते आणि कागदावर तिघांचा एकच आजार झाला होता.

आजींचं ‘मळभ’ म्हणजे भिंगच गढूळ झालेलं, मोतीबिंदूची चांगली खूण. ट्रकचालकाचं ‘दोन दिसतात’ ही निराळीच तक्रार. तिथे डॉक्टर आधी एक डोळा झाकून बघायला सांगतात. झाकल्यावर दोनाचं एक झालं, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही असं समजतात आणि तपास भलतीकडे वळतो. शिंपीकाकांना चाळिशी लागली होती. या शब्दावर माझा फार जीव आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचं दिसेनासं होतं. मराठीने वय, आजार आणि त्यावरचा चष्मा, तिन्हींना एकच नाव दिलं, आणि ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवरचं ‘ब्लर’ वाचलं आणि बाजूला ठेवलं. मला म्हणाले, ‘‘तुमच्या शब्दांत सांगा.’’ मी सांगितलं : संध्याकाळी घाटावरच्या दिव्यांना किरणं फुटलेली दिसतात, पांढरी साडी पिवळट दिसते, आणि वर्तमानपत्राचं अक्षर पुसट लागतं. त्यांनी बारीक भोक असलेली एक काळी झाकणी डोळ्यापुढे धरली आणि त्यातून तक्ता वाचायला सांगितला. नुसता चष्म्याचा नंबर असला, तर त्या भोकातून अक्षर चांगलंच सुधारतं. माझं फारसं सुधारलं नाही. ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा दवाखान्याची पांढरी भिंत मला निळसर दिसली. इतके दिवस मी जग पिवळ्या काचेतून बघत होते.

तर तुमची अकरा ठिकाणं. प्रत्येक जागी इंग्रजी वाक्य कोणत्या आजाराखाली आलंय ते बघा. मोतीबिंदूच्या भागात ‘अंधुक किंवा मळभ आल्यासारखं दिसतं, अक्षरं पुसट लागतात’ असं लिहा. तुमच्या आईंचा शब्द इथे अगदी चपखल आहे. चष्म्याच्या भागात ‘लांबचं अस्पष्ट दिसतं’ किंवा ‘जवळचं अस्पष्ट दिसतं’ असं लिहा. लांब की जवळ हे सोडू नका. मधुमेहाच्या भागात ‘नजर कधी स्पष्ट, कधी अंधुक होते’ हे जास्त खरं, कारण रक्तातली साखर वरखाली झाली की भिंगाची सूज आणि नजर दोन्ही बदलतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागाच्या आजारात ‘मधोमध डाग दिसतो, दाराची चौकट वाकडी दिसते’ असं लिहा. तिथे अंधुक म्हटलं तर माणूस चष्मा बदलून घरी बसेल. आणि एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं, एकाएकी ठिणग्या किंवा काळे ठिपके दिसायला लागणं, हे इंग्रजी पत्रकात ‘ब्लर’च्याच यादीत असलं तरी मराठीत वेगळ्या ओळीवर, ठळक अक्षरांत घ्या आणि पुढे ‘त्याच दिवशी दवाखान्यात या’ हे शब्द जोडा. आतला पडदा सुटत असेल, तर तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

‘धूसर दृष्टी’ मात्र मी एकाही ठिकाणी घेणार नाही. धूसर हा सुंदर शब्द आहे, पण तो डोंगराला, क्षितिजाला, आठवणीला शोभतो. दिंडोरीच्या त्या आजी ‘मला धूसर दिसतं’ असं कधी म्हणणार नाहीत, आणि पत्रक त्यांच्यासाठी आहे.

प्रश्न : मी सातपूरला राहतो आणि लग्नाचे फोटो काढतो. मागचं ब्लर केलेले फोटो मला आवडतात आणि नवरा-नवरीलाही आवडतात. गेल्या सीझनला एका घरातल्या मावशींनी अल्बम परत पाठवला. म्हणाल्या, ‘‘सगळे फोटो ब्लर आलेत.’’ एकही फोटो बिघडलेला नव्हता. त्यांना मराठीत काय समजावून सांगावं? आणि फोटोग्राफीतल्या ‘बोके’ला मराठी शब्द आहे का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : मावशींनी एक शब्द वापरला आणि तुम्हीही तोच वापरलात. तिथेच घोटाळा झाला. बिघडलेल्या फोटोला आपल्याकडे लोक पूर्वीपासून नेमकं बोलतात : ‘फोटो हलला’. त्यात हलला तो कॅमेरा असतो किंवा माणूस. दुसरं म्हणजे ‘फोकस गेला’, म्हणजे कॅमेऱ्याने भलत्याच ठिकाणी लक्ष दिलं, नवरीऐवजी मागच्या खांबावर. तिसरं म्हणजे काचेवर बोट लागलं. मोबाइलवर हे सारखं होतं. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीत दिव्यांच्या लांबच लांब रेघा दिसल्या, तर बहुतेक वेळा भिंगावर तेलकट बोट फिरलेलं असतं. सोळाव्या शतकातला ‘ब्लर’चा मूळ अर्थ तो हाच, फासलेला डाग. सुती रुमालाने पुसलं की जातो.

या तिन्हींत फोटो बिघडतो. तुम्ही केलंत ते चौथं आहे, आणि ते जाणूनबुजून केलेलं आहे. त्याला मी ‘मागचं विरवलं’ म्हणेन. दूध-साखरेसारखी एक गोष्ट दुसऱ्यात मिसळून दिसेनाशी व्हावी, तसं मागचं विरून जातं. ‘बोके’ हा जपानी शब्द. मूळ ‘बोके’चा अर्थच अस्पष्टपणा, विरलेपणा. इंग्रजीत त्याच्या शेवटी एक ‘एच’ लावून तो 1997 साली अमेरिकेतल्या एका छायाचित्रणाच्या मासिकाने रूढ केला, उच्चार चुकू नये म्हणून. मागचे दिवे कसे गोल, मऊ, एकमेकांत मिसळलेले दिसतात, त्या दिसण्याच्या गुणाला बोके म्हणतात. हा शब्द तुमच्या धंद्यात खुशाल वापरा. मावशींना सांगताना ‘मागचं मऊ केलंय’ म्हणा.

पण मावशींची तक्रार मला पटते. त्यांच्या मागे कोण उभं होतं? मामा, आत्या, चुलतआजोबा. मांडवात सगळा गोतावळा जमलेला असतो आणि पुन्हा तेवढी माणसं एका जागी येतीलच असं नाही. तुम्ही 1.8 च्या छिद्राला फोटो काढलात तेव्हा नवरीच्या पापण्या मोजता आल्या, पण चुलतआजोबांचा रंगीत गोळा झाला. सप्तपदीला आणि मंगलाष्टकांना छिद्र 8 पर्यंत लहान करा (इथे आकडा जेवढा मोठा, छिद्र तेवढं लहान), थोडे मागे सरका, मागचे चेहरे ओळखू येऊ द्या. नवरा-नवरीच्या वेगळ्या फोटोंना हवं तेवढं विरवा.

गोरज मुहूर्ताच्या लग्नात मात्र अडचण निराळी. गाई परतताना उडणाऱ्या धुळीवरून या वेळेचं नाव पडलं. वेळच धूसर, उजेड उतरलेला. छिद्र लहान केलं की उजेड आणखी घटतो आणि शटर सावकाश उघडझाप करतं. मग अक्षतांचं काय होतं ते बघा. हातातून सुटलेला तांदळाचा दाणा एक मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेचार मीटर होतो. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडं राहिलं, तर तेवढ्यात दाणा सात सेंटिमीटर खाली येतो आणि फोटोत दाण्याची रेघ उमटते. हजाराव्या भागाला तो अर्धा सेंटिमीटरही सरकत नाही, दाणा दाण्यासारखा दिसतो. मला विचाराल तर अक्षतांच्या रेघा असलेला फोटो जास्त जिवंत. त्यात टाकणारे हात कळतात. पण त्या फोटोतले चेहरे हलता कामा नयेत, आणि त्यासाठी मंगलाष्टक संपताना सगळे क्षणभर थांबतात तो क्षण तुम्हाला पकडावा लागेल.

हलतं चित्र हललेल्या फोटोंचंच बनलेलं असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 24 चित्रं घेतात आणि प्रत्येक चित्राला साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग मिळतो. त्यात धावणाऱ्या माणसाचे पाय फासल्यासारखे येतात, म्हणून तो पडद्यावर सलग धावताना दिसतो. प्रत्येक चित्र काचेसारखं स्वच्छ घेतलं, तर चाल झटक्याझटक्याची वाटते. आपल्या त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके हा उद्योग शिकताना इतके चित्रपट पाहत आणि डोळ्यांना इतका ताण देत, की काही काळ त्यांची नजरच गेली. उपचारांनी ती परत आली आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे गेले की मला चित्रपटाच्या आधी हे आठवतं, की या माणसाने नजर गेलेली असताना काही काळ काढला आणि ती परत येताच पुन्हा तेच काम हातात घेतलं.

जाता जाता मोबाइलबद्दल. त्यातलं मागचं विरवणं भिंगाने होत नाही, हिशेबाने होतं. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं, हे फोन अंदाजाने ठरवतो आणि मागच्या भागातला प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांची सरासरी काढून बदलतो. मुंडावळ्यांच्या लोंबत्या सरी त्याला नेहमी फसवतात. माझ्या भाचीच्या फोटोत उजवीकडची सर कानाजवळ तुटली आणि हनुवटीपाशी पुन्हा उगवली. नथीच्या आतल्या पोकळीत मागचा मांडव तसाच स्वच्छ राहिला, बाकी सगळीकडे विरला. मावशींनी तो फोटो परत पाठवला असता, तर मी त्यांच्या बाजूने बोलले असते.

प्रश्न : पुस्तकाच्या मागच्या पानावरचा ‘ब्लर्ब’ आणि ‘ब्लर’ यांचा काही संबंध? ब्लर्बही बऱ्याचदा अस्पष्टच असतो.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : संबंध नाही. ब्लर्ब हा अमेरिकी विनोदी लेखक जेलेट बर्जेस यांनी 1907 साली घडवलेला शब्द. आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर त्यांनी एक कल्पित बाई छापली, तिचं नाव बेलिंडा ब्लर्ब, आणि ती तोंडाशी हात धरून पुस्तकाची वाहवा ओरडून सांगत होती. मराठीत त्याला ‘पाठराखण’ म्हणतात आणि मला तो मूळ शब्दाहून कितीतरी सरस वाटतो. नवी नवरी सासरी जाते तेव्हा सोबत जाते ती पाठराखीण. पुस्तक अनोळखी घरात पहिल्यांदा जातंय, तर त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं आहे.

प्रश्न : भाड्याच्या घरासाठी आधार कार्डाचा फोटो पाठवायचा होता. मुलाने नंबर ब्लर करून पाठवला. हे पुरेसं आहे का? आणि याला मराठीत ‘धूसर केला’ म्हणायचं का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : म्हणायचं ‘नंबर झाकला’, आणि खरोखर झाकायचा. इथे शब्द चुकला की कृतीही चुकते. धूसर केलेल्या आकड्यात मूळ आकड्याचा अंश शिल्लक असतो. आकडे दहाच, आणि कार्डावरच्या आकड्यांचं वळण ठरलेलं. कुणी शून्य ते नऊ त्याच पद्धतीने धूसर करून तुमच्या फोटोशी ताडून पाहिले, तर नंबर काढता येऊ शकतो. काळी पट्टी ओढा, आणि ती पूर्ण काळी हवी, खालचं दिसेल अशी फिकट नको. त्याहून चांगलं म्हणजे आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे छापलेले असतात.

प्रश्न : आमच्या भागातल्या द्राक्षबागा तुटून प्लॉट पडताहेत. त्यावर मी एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं : ‘शेती आणि बिगरशेती यांतली सीमारेषा धूसर होत चालली आहे.’ माझा मुलगा म्हणतो, हे ‘लाइन इज ब्लर्ड’चं भाषांतर आहे, मराठी नाही. मला तर ते वाक्य आवडलं होतं.
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : वाक्य आता मराठीत रुळलंय, आणि ‘सीमारेषा पुसट झाली’ असंही आपण सर्रास लिहितो. तुमचा मुलगा म्हणतो तेवढं ते परकं नाही. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. तुम्ही द्राक्षं पिकवता. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेवर धुई उतरते, दहा ओळींपलीकडचं दिसत नाही. ते धूसर होणं आपोआप झालेलं असतं, ऊन आलं की विरतं. तुमच्या पत्रातली रेषा आपोआप धूसर झाली का? तुमच्या वाक्यात ती नुसती ‘होत चालली आहे’. कुणी केली, ते वाक्याबाहेरच राहिलं.

तुमच्याकडे यासाठी याहून किती तरी जोरकस शब्द आहे, आणि तो तुम्ही रोज बोलता. शेजारचा दर नांगरटीला नांगराचा तास थोडा आत घेतो, बांध दोन बोटं झिजतो, पाच-सात वर्षांनी मोजणी आणली की कळतं दगड कुठे होता आणि बांध कुठे आला. याला कुणी ‘बांध धूसर झाला’ म्हणत नाही. म्हणतात, ‘बांध कोरला’. त्या क्रियापदात करणारा आहे, हत्यार आहे, थोडं थोडं करत जाण्याची चाल आहे. वाक्य ऐकणारा लगेच विचारतो, कुणी कोरला? पत्राला नेमका हाच प्रश्न उठवायचा होता ना?

असंच ‘इट वॉज ऑल अ ब्लर’ हे इंग्रजी वाक्य हल्ली मुलाखतींत ‘सगळं धूसर होतं’ असं येतं. अपघातातून वाचलेला माणूस आपल्याकडे म्हणतो, ‘काही सुधरलंच नाही’. लग्नाची धावपळ सांगणारी आई म्हणते, ‘दिवस कसे भुर्रकन गेले कळलं नाही’. पहिल्यात भान हरपलंय, दुसऱ्यात वेळ पळालाय. दोघांनाही धुक्यात लोटायचं कारण नाही.

नाशकातलंच आणखी एक सांगते. गोदावरीला पूर येतो तेव्हा नदी कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होतं, हे डोळ्याला खरंच कळेनासं होतं. घाट, पायऱ्या, टपऱ्या, सगळं एका गढूळ रंगाचं होऊन जातं. अशा वेळी गावाने कधी ‘नदीची सीमा धूसर झाली’ म्हटल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या लहानपणी छापखान्यात खबर यायची ती नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून : मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं. मग : कमरेला. मग : छातीला आलं. कुणी गळ्याशी म्हटलं की वडील उठून खालच्या खणांतले कागदाचे गठ्ठे माळ्यावर चढवायला लागायचे.

तुमचं पत्र अजून छापलं गेलं नसेल, तर पहिलं वाक्य एवढं बदलून पाठवा : ‘आमच्या शिवारात शेतीचा बांध बिगरशेतीच्या बाजूने कोरला जातोय.’ आणि त्याच्या खाली गेल्या पाच हंगामांत तुमच्या शिवारातल्या किती बागा तुटल्या, तेवढा आकडा स्वतः मोजून लिहा.